पाणी भरायची सूट

४ जानेवारी

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

स्नेहसंमेलनाचं आमंत्रण पोचलं. माझ्याच शाळेत तू मुख्याध्यापिका आणि मी प्रमुख पाहुणा, हे वाचून तुझ्या आईने दोनदा चष्मा पुसला. पण सोबतच्या चिठ्ठीत तू कळवतेस, की सकाळची प्रार्थना बंद केली. सरकारी शाळेत कुठल्याच धर्माची प्रार्थना नको, हा नियम माझ्या वेळीही होता. तरी मी ती रचली, एकतीस वर्षं पोरांकडून म्हणवून घेतली. कुणाचं काय वाकडं झालं? ज्यांच्या घरचा देव वेगळा, त्यांना मी सूट दिली होती: तेवढ्या वेळात त्यांनी माठ भरावेत. एकाचीही तक्रार आली नाही. लेकीनेच बापाचं नाव पुसावं, हे फार लागलं. मी येणार नाही.

खोकला कमी आहे का? थंड पाणी पिऊ नकोस.

रागावलेला, तरी तुझाच,
बाबा

९ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

रागातही खोकला विचारलात, म्हणजे मामला अगदीच हाताबाहेर गेलेला नाही. खोकला बरा आहे.

बाबा, तुमची प्रार्थना मी झोपेतही म्हणेन. पण घर आपलं असलं, तरी शाळा सगळ्यांची. रुजू झाले त्या दिवशी दुसरीतल्या एका मुलीला नाव विचारलं. तिने सांगितलं, ‘पाणीवाली’. वर्गात कुणी हसलंही नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं. माठ जाऊन नळ आले त्याला दहा वर्षं झाली. तरी प्रार्थना सुरू झाली की चार मुलींना नळाकडे पाठवायचे. का, तर पद्धत!

तुमचे सदरे शिवणारी कोपऱ्यावरची बाई तुमचीच विद्यार्थिनी ना? तीही माठ भरायची. तिला एकदा विचारा. मग नाही आलात, तरी मी रुसणार नाही.

ओरडा, पण माया आटू देऊ नका.

तुमची हट्टी,
भिंगरी

१६ जानेवारी

चि. भिंगरीस, अ. उ. आ.

नव्या सदऱ्याचं निमित्त काढून गेलो. गळ्याचं माप घेता घेता ती हसत म्हणाली, की सर, शब्द अजून येत नाहीत, पण लांबून चाल ऐकून कळायचं, शेवटचं कडवं आलं, आता वर्गात जायला हरकत नाही. मी विचारलं, की मग कधी बोलली का नाहीस? तर म्हणाली, की तुम्ही एवढे चांगले होतात सर, तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

तिने मला वाईट म्हटलं असतं, तर मी भांडलो असतो. भांडणात मी कुणाला हार जात नाही, तुझी आई साक्षीला आहे. ह्यावर मात्र बाही अर्धी की पूर्ण, तेही न सांगता घरी आलो. भिंगरे, मला लाज वाटली.

आज सकाळी प्रार्थना म्हटली. एकट्याने, घरात, देवापुढे. पोरांच्या आवाजाशिवाय ती पोकळ वाटेल, अशी धास्ती होती. वाटली नाही गं.

संमेलनाला येतो. व्यासपीठावर नको, पालकांत कुठेतरी बसव.

चुकलेल्या बापावरही लोभ ठेव.

बाबा