चौथा कोपरा

२ जानेवारी, गुरुवार
अक्काने ही वही देऊन दोन महिने होऊन गेले आणि मी आज बसतोय लिहायला. "रोज एक उपकार लिही," म्हणाली होती. "परमेश्वरानं दिवसभरात तुझ्यासाठी काय केलं, एवढंच. ओळभर." ओळभर पण झालं नाही. मागच्या पानावर ट्रकचे नंबर आहेत आणि एका कुत्र्याचं चित्र. कुत्रा बरा जमलाय.

तर आधी साचलेले उपकार, ढोबळ. असोद्यात खोली मिळाली. यावलकडे केळी कापणाऱ्या टोळीत काम मिळालं. आणि शुक्रवार मिळाला. शुक्र. म्हणजे जळगावात अक्काच्या घरी बायबल अभ्यास, संध्याकाळी पाच ते सात. पाचच जण आम्ही. राहेल अक्का, दवाखान्यात आया होती, माझ्या आईची मैत्रीण. सुहास सर, शाळेत क्लार्क आहेत पण सगळे सरच म्हणतात. त्यांची बायको बेबीताई. वसंतभाऊ गवंडी. आणि मी, दहावी नापास, सुरत, सिल्वासा, नरडाण्याचा ढाबा करून आलेला. लागोपाठ इतके आठवडे एकाच ठिकाणी मी आजवर कधी टिकलो नाही.

उद्या पाळी माझी. मार्कचं शुभवर्तमान, अध्याय दुसरा. वाचलेला नाही अजून.

३ जानेवारी, शुक्र.
अक्काची पद्धत अशी. सरांनी अध्याय मोठ्याने वाचायचा, मग पुस्तक मिटायचं. ज्याची पाळी त्याने गोष्ट आपल्या बोलीत परत सांगायची, आणि गोष्टीतल्या माणसांना खोलीतल्यांचीच नावं द्यायची. अक्काला वाचता येत नाही. ती म्हणते, नावं ओळखीची असली की डोळा लागत नाही. नाताळात बेबीताईने सरांना हेरोद, म्हणजे तान्ही पोरं मारणारा राजा, केलं होतं. सर घरी जाऊन दोन दिवस बोलले नाहीत म्हणे.

आजची गोष्ट लुळ्या माणसाची. चार जण त्याला खाटेसकट येशूकडे नेतात, दारात गर्दी, म्हणून छत उकरून वरून खाली सोडतात. मी रंगात आलो. खाटेचे चार कोपरे या चौघांना वाटून दिले. अक्का, सर, बेबीताई, आणि चौथा वसंतभाऊ. मग मनाचंच घातलं: "वसंतभाऊना हातमा दोर, पन ध्यान बिडीकडे. भाऊनी कोपरा सोडी दिधा. खाट एकीकडे, मानूस एकीकडे."

बेबीताईने हसू दाबायला पदर तोंडाशी धरला. सर म्हणाले, "असं काही पुस्तकात नाही बरं का." मी म्हटलं, मार्क घाईत असेल, राहून गेलं असेल.

वसंतभाऊ हसले नाहीत. उठले, चपला घातल्या. अक्का म्हणाली, "च्या?" ते म्हणाले, "काम शे." संध्याकाळी साडेसहाला कसलं गवंडीकाम.

उपकार: गोष्ट जमली. लिहिलं खरं.

७ जानेवारी
यावलच्या बागेत दिवसभर घड वाहिले. खांद्याला केळीचा चीक, शर्ट गेला तो गेलाच. परत येताना एक जण रस्त्याकडेला पोपट विकत होता, त्याच्याशी बोलत बसलो, शेवटची बस चुकली. ट्रकवाल्याने सोडलं. उपकार: ट्रकवाला.

सिल्वासाच्या जुन्या सोबत्याचा, राजूचा, तिथून फोन. कंपनीत जागा आहे, ये म्हणतो. बघू म्हटलं. बॅग तशी भरलेलीच असते माझी.

१० जानेवारी, शुक्र.
वसंतभाऊ आले नाहीत. चौघंच. सरांनी वाचलं, कोणाचं लक्ष नव्हतं.

संपल्यावर अक्काने मला स्वयंपाकघरात नेलं आणि भाजलेली वांगी सोलायला दिली. बोटं भाजत होती. ती तव्याकडे बघत बोलली.

वसंतभाऊंचा धाकटा भाऊ आहे, दिलीप. धुळ्याच्या अलीकडे गावात. दोघं मिळून बांधकामं घ्यायचे. चार वर्षांपूर्वी गिलावा करताना परांची तुटली, दिलीप खाली. कमरेखालचं अंग लुळं पडलं. परांची वसंतभाऊंनीच बांधलेली. तेव्हापासून ते एकदाही त्याला बघायला गेले नाहीत. तोंड कसं दाखवू, म्हणतात.

खाट एकीकडे, मानूस एकीकडे. मीच बोललो होतो.

"तुले माहीत नव्हतं, म्हनीसन रागे भरत नही," अक्का म्हणाली. "पन आते माहीत शे."

भरीत वाढलं. जेवलो. चव कळली नाही, असं लिहायला पाहिजे, पण कळली. फार छान होतं.

उपकार: अक्काने मला हाकललं नाही.

११ जानेवारी
राजूचा परत फोन. आज होय म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं.

१४ जानेवारी, संक्रांत
खोलीवाल्या पाटीलकाकूंनी तिळगूळ दिला. तोच पुडीत बांधून वसंतभाऊंच्या कामावर गेलो. जळगावातच आहे, नव्या घराचा गिलावा. भाऊ परांचीवर. बिगारी सणाला गावी गेला होता. म्हणाले, "माल कालव." कालवला.

"पातळ झाया."

सिमेंट टाकलं.

"आते घट्ट झाया. केळीच काप तू."

तासभर पाट्या दिल्या वर. मग म्हटलं, भाऊ, मला माहीत नव्हतं. ते भिंतीवर थापी फिरवत राहिले. एकाच जागी, ती जागा तर झालेली होती. मग म्हणाले, "तू म्हनस, मी कोपरा सोडा. सोडा नही रे. मी धराच नही. चार वरीस झायात."

खाली उतरल्यावर तिळगूळ पुढे केला. 'गोड बोला' मी कोणत्या तोंडाने म्हणू. त्यांनी एक उचलला, खिशात टाकला. निघताना त्यांनीच विचारलं, "तो खाटवरला मानूस. त्या चौघास्ले काय बोलना तो?"

मला आठवेना. बघून सांगतो म्हटलं.

रात्री मोबाइलवर अध्याय दोनदा वाचला. काहीच बोलत नाही तो. वर नेतात, खाली सोडतात, बरा होतो, खाट उचलून जातो. तोंडातून एक शब्द नाही. सरांना फोन केला. त्यांनी पुस्तक काढून बघितलं. मग म्हणाले, "तीस वर्षं वाचतोय मी हे."

उपकार: भाऊंनी विचारलं. रागावलेला माणूस विचारत नाही.

१७ जानेवारी, शुक्र.
वसंतभाऊ नाहीत. अक्काने प्रार्थनेत त्यांचं नाव घेतलं आणि मग दिलीपचं. दिलीपचं नाव या खोलीत पहिल्यांदा. बेबीताई रडली. सरांनी चष्मा पुसला, स्वच्छच होता.

मी गावाचं नाव अक्काकडून काढून घेतलं. कशाला, ते तिने विचारलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
धुळ्याची बस धरली. पारोळ्याला गाडी थांबली तर उतरून भजी खायला गेलो, बस निघून गेली. कंडक्टरने हाका मारल्या असतील. पुढची बस दीड तासाने. बाकावर बसून वाटलं, जावं परत, कोणाला कळणार आहे. गेलो नाही. का ते माहीत नाही. उपकारात लिहितो.

घर सापडलं. पत्र्याचं, अंगणात शेवग्याचं झाड. दिलीपची बायको तूर पाखडत होती.

"कोन शे तू?"

सांगितलं. वसंतभाऊंकडचा आहे, म्हणजे त्यांनी पाठवलं नाही, मी आपला आलो.

सूप थांबलं. "चार वरीसमा जेठले आठवन उनी नही. आते तुले उनी?" जेठ म्हणजे वसंतभाऊ, तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ.

मी गोष्ट सांगितली. सगळी. बिडीची, कोपऱ्याची, माझी थट्टा, भाऊंनी परांचीवरून जे सांगितलं ते. शुक्रवार, पाच वाजता, अक्काचं घर, खुणा पण सांगितल्या. ती ऐकत होती का कळेना. आतून आवाज आला, "कोन शे वं?"

ती म्हणाली, "कोनी नही."

पाणी विचारलं नाही तिने. मी निघालो.

२० जानेवारी
अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "इचारं का तू वसंतले? त्यानं दुखनं, आनि तू गावमा वाटी उना."

मला ते सुचलंच नव्हतं. खरंच नव्हतं सुचलं. बरं करायला गेलो आणि पुन्हा तेच, भाऊंचं नाव घेऊन त्यांच्या पाठीमागे गोष्ट सांगून आलो. भाऊंना कळलं तर ते परत अक्काची पायरी चढणार नाहीत.

थोड्या वेळाने अक्का म्हणाली, बस, प्रार्थना करू. माझ्यासाठी केली. माझ्या भटक्या पायांसाठी, नाव घेऊन. पायांसाठी कोणी प्रार्थना करतं हे माहीत नव्हतं मला.

राजूला नाही म्हणून कळवलं.

२४ जानेवारी, शुक्र.
चहा ठेवलाय, तोवर लिहितो. अक्काच्या स्वयंपाकघरात आहे.

वसंतभाऊ आले. अक्काने सकाळी फोन केला होता. दाराजवळच बसलेत, उठून जाता येईल असे. बेबीताईने त्यांना उशी दिली. सरांनी आज पुढचं सोडून तोच अध्याय पुन्हा वाचला. मग भाऊंना म्हणाले, "खाटेवरचा माणूस काही बोलत नाही, भाऊ. मी दोन पुस्तकांत बघितलं." भाऊ म्हणाले, "बोलत नही तेच वाईट."

मी धुळ्याकडे गेलो होतो ते मला सांगायचंय. चहा देऊन झाला की सांगणार. ते उठून गेले तरी सांगणार.

एवढे आठवडे या घरात मला कोणी परका म्हटलं नाही. आज जे होईल ते होवो, हा उपकार आधी लिहून ठेवतो

रिक्षा थांबली बाहेर. अक्का कोणाला तरी "ये, माय" म्हणतेय.

दारातून बघितलं. दिलीपची बायको. एकटी, हातात पिशवी, पारोळ्यावरून आलेली धूळ तोंडावर. माझ्याकडे बघितलं पण नाही. भाऊंना बघून पदर डोक्यावर ओढला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "यास्नी निरोप धाडेल शे. जेठले तोंडवरच सांगाना शे." यास्नी म्हणजे दिलीपने.

वसंतभाऊ उभे राहिलेत. चपला घातल्या नाहीत.