शेवटच्या पायरीवरची उडी

बुधवार, दि. ९

प्रिय दादा,

तुझी खुशाली आईकडून कळली. आम्हीही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. इथे तरी मध्ये तोंड घालता येणार नाही. शेजारचे काका उद्या तिकडेच निघालेत, त्यांच्या हाती देते.

आधी तुझं अभिनंदन. तुझ्या नव्या क्लबात हालचालींची चाचणी झाली आणि तू शिकवतोस त्यांतली एकही मुलगी नापास झाली नाही, हे आईचं अख्ख्या इमारतीला सांगून झालंय. "माझ्या लेकाच्या हाताला यश आहे," म्हणते.

आपल्या गोलकीपरचं लग्न ठरलं. गुडघेबाईंना चष्मा लागला. फिजिओला तू ठेवलेलं ते नाव अजून टिकून आहे बरं का. यंदाही त्यांनी चाचणीला मुलं-मुली सगळ्यांना त्या लाकडी खोक्यावरून उड्या मारायला लावल्या. मुलांचा एक बचावपटू असा धपकन उतरला की खोकाच कलंडला. त्याचे गुडघे आत वळले, म्हणून त्याला आता नुसते व्यायाम, सामने बंद. माझे वळले नाहीत. कसे वळतील? आपल्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून तू मला सगळी सुट्टीभर उड्या मारायला लावल्यास, समोर आईचा आरसा टेकवून. नजर खाली, बोटं जरा बाहेर, गुडघेही बाहेरच ओढून धर. तू स्वतः नापास होऊन एक हंगाम बाकावर काढला होतास. माझ्यावर ती पाळी येऊ नये म्हणून जीव तोडून शिकवलंस.

आईने तुला माझा पाय मुरगळलाय असं सांगितलं ना, ते खोटं आहे. मीच तिला तसं सांगायला लावलं.

उपांत्य सामना संपत आला होता, अंगात त्राण नव्हतं. लांबून चेंडू आला, तो डोक्याने घ्यायला मी उडी मारली. नजर चेंडूवर, एक मुलगी खांद्याला खेटून. खाली आले ती डाव्या पायावर, आणि गुडघा आत गेला. ओला टॉवेल झटकावा तसा आवाज आला. तो माझ्यातून आला हे कळायला वेळ लागला. लिगामेंट तुटलंय. सर्जन म्हणाले, चालाल, जिनेही चढाल. मी खेळायचं विचारलं, तेव्हा ते आईकडे बघायला लागले.

तुझ्यावर राग आहे का? आहे. डोळे उघडले की आधी तोच येतो. आणि तू आत्ता दारात आलास तर गळ्यात पडून रडेन, तेही खरं.

गुडघेबाई दवाखान्यात आल्या होत्या. त्यांनी मला दोन्ही व्हिडिओ दाखवले, चाचणीचा आणि सामन्याचा. दोन्हींत एकच मुलगी आहे असं वाटेना.

"हे तुला कोणी पढवलं?" त्यांनी विचारलं. "अगं, मला काय तुम्हाला बाकावर बसवायची हौस आहे? कुठे कमी आहे ते दिसलं असतं, तर तेवढं बळकट करून घेतलं असतं. मुलींचा गुडघा असा जास्त जातो, म्हणून तर मी हात धुऊन मागे लागते."

मी तुझं नाव घेतलं नाही.

पण दादा, तुझ्या सगळ्याच मुली पास झाल्यात. एकूण एक. असं कसं होतं ते मला माहीत आहे. त्यांत ती वेणी चावत उभी राहणारी आहे ना, जिचा फोटो तू कौतुकाने पाठवला होतास? रविवारी तुमचा सामना आहे.

शनिवारी गुडघेबाई परत येतील. त्याआधी तू तुमच्या फिजिओला सगळं सांग. मुलींना पळवून दमवा, चेंडूकडे बघायला लावा, आणि मग खोक्यावर चढवा. तुझी नोकरी जाईल, कळतंय मला. आई माझ्याशी बोलणार नाही, तेही कळतंय. पण तू सांगितलं नाहीस, तर शनिवारी मी तुझं नाव सांगणार आहे.

उत्तर लिहीत बसू नकोस. आधी त्यांच्याकडे जा.

तुझी,
पहिली पास झालेली विद्यार्थिनी