उलटा पडणारा चौकोन

३ मार्च, सोमवार

वन्सं आल्या आणि पुढ्यात पिशवी टाकली. आत सासूबाईंचं क्रोशाचं पांघरूण. वन्संच्या कुत्र्याने मधले दोन चौकोन फस्त केलेत! त्यांच्या नव्या नातवाला त्यात गुंडाळायचं आहे. रविवारी हवंय.

"तू विणतेस ना? मग कर नीट. पण आईचा हात वेगळाच होता हं. तुझी भर दिसली नाही पाहिजे."

कुत्रा त्यांचा, डोकेदुखी माझी.

जाताना मामंजींना म्हणाल्या, "बाबा, आईच्या हातची एवढी एकच वस्तू राहिली हो." मामंजी पेपरमधून डोकं न काढता "हं" म्हणाले.

४ मार्च

पांढरी लोकर आणली. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केली — रंग बरा जुळला. चौकोन तर सोपा. मधून सुरुवात, तीन-तीन खांब, कोपऱ्यात साखळी, गोल फेऱ्या. संध्याकाळपर्यंत एक झाला. जुन्यांशेजारी ठेवला तर शोभेना.

५ मार्च

उसवला. पुन्हा केला. पुन्हा तेच! खांब बरोबर, माप बरोबर. तरी बाकीचे सगळे चौकोन एका कुशीवर झोपलेत आणि माझा दुसऱ्या.

हे म्हणाले, "कोण बघतंय एवढं?"

वन्सं बघतील. सतरा वेळा बघतील. मग चारचौघांत सांगतील, आईचं काही हिला जमलं नाही. लग्न झाल्यापासून हेच ऐकून कान किटलेत. या वेळी नको.

६ मार्च

वैतागून उठले. चौकोन हातातच होता, तो कपाटाच्या आरशात दिसला. आरशातला जुळत होता. हुबेहूब!

मग बसून नीट पाहिलं. मी फेरी उजवीकडून डावीकडे नेते. पांघरुणात सगळ्या फेऱ्या डावीकडून उजवीकडे गेल्यात. म्हणजे विणणारं माणूस डावखुरं.

यांना विचारलं, सासूबाई डावखुऱ्या होत्या का? "छे! आईचा उजवा हात माझ्या पाठीच्या चांगला ओळखीचा आहे."

चहा केला. मामंजींसमोर कप ठेवला — कान डावीकडे. या घरात आल्यापासून असाच ठेवतेय. ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

७ मार्च

हे कामावर गेल्यावर माझा चौकोन, सुई आणि लोकर मामंजींच्या पेपरवर ठेवली. त्यांनी चौकोन बोटांनी ताणून पाहिला. मग म्हणाले, "फार घट्ट ओढतेस तू."

मग सगळं सांगितलं. पूर्वी कंबरेच्या दुखण्याने ते अंथरुणाला खिळले होते, तेव्हा सासूबाईंनीच सुई हातात दिली. नाहीतर छताशी भांडत बसाल, म्हणाल्या. पांघरूण पुरं झालं, पण मित्र हसतील म्हणून ते सासूबाईंच्या नावावर गेलं. "लोक कौतुक करायचे आणि ती लाजायची. मला मजा वाटायची."

म्हटलं, आता तरी वन्संना सांगा.

"नको. तिला ते आईचं म्हणून हवंय."

मामंजी दुपारभर विणत होते. डाव्या हाताने. एरवी बोटं थरथरतात, सुई धरली की थांबतात. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा माणूस रिकाम्या हाताने का बसला होता?

८ मार्च

दोन्ही चौकोन जोडले. जोड माझी. दिसत नाही.

९ मार्च, रविवार

वन्संनी पांघरूण उलटसुलट करून पाहिलं. नवे चौकोन सापडले नाहीत. "कमाल आहे! अगदी आईचाच हात!" डोळ्यांत पाणी.

मी तोंड उघडलं. मामंजींनी पेपरचं पान उलटलं — जरा जोरातच.

म्हटलं, "चहा टाकते."

१२ मार्च

मामंजींनी आज स्वतः वन्संना फोन लावला. "बाळाच्या डोक्याचं माप घे आणि कळव. टोपडं विणतोय... कोण म्हणजे? मी! ते पांघरूणसुद्धा मीच विणलेलं." मग नुसतं ऐकत राहिले आणि फोन माझ्या हातात दिला. "रडतेय की हसतेय, कळत नाही. तू बघ."

आणि मामंजी उरलेली लोकर घेऊन खिडकीशी जाऊन बसले.