दहा ते बारा, भिंतीपाशी

४ फेब्रुवारी, मंगळवार

गेलं! तिसरं प्रकरण पार वाया गेलं!

हेडफोन लावून ऐकलं. माझा आवाज खणखणीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि त्याच्याखाली – घुर्रर्र. शेजारच्या नर्सबाईचं वॉशिंग मशीन! पुस्तकात कप्तानाची बायको धक्क्यावर उभी राहून नवऱ्याला निरोप देते आहे आणि मागे कोणीतरी चादरी पिळतंय.

त्यांची आणि आमची भिंत एकच, आणि तीही नावापुरती. पलीकडे काही पडलं तर चमचा पडला की पळी, तेसुद्धा इकडे कळतं.

रेकॉर्डिंगवाल्याचा फोन आलाच. "मॅडम, आवाज फर्स्ट क्लास. पण ही घरघर चालणार नाही." अंधांसाठीचं बोलतं ग्रंथालय आहे, ऐकणाऱ्यांना कानांशिवाय दुसरं काही नाही, हे मलाही कळतं. महिनाअखेर सगळी प्रकरणं स्वच्छ हवीत. नाहीतर पुस्तक दुसऱ्या कोणाकडे तरी जाणार.

दुसऱ्या कोणाकडे! एकतीस वर्षं बस स्थानकावर घोषणा केल्या मी. वीज गेली तर कर्ण्याशिवाय केल्या. निवृत्त झाल्यावर हे पहिलंच काम, माझ्या आवाजावर मिळालेलं, कोणाच्या ओळखीने नाही. हे पुस्तक मी सोडत नसते.

५ फेब्रुवारी

गेले शेजारी. गोड बोलायचं ठरवूनच गेले.

नर्सबाई युनिफॉर्म घालून निघायच्या घाईत. "काकू, मी काय करू सांगा? बाबांच्या चादरी रोज निघतात. साडेनऊला मशीन लावलं की बाराला आया येऊन वाळत घालते. तुम्हीच वाचनाचं जरा पुढेमागे करा ना."

मी पुढेमागे करू? दहाच्या आधी समोरच्या गोदामात ट्रक रिकामे होतात. बारानंतर खालच्या सुताराची करवत, ती दिवे लागेपर्यंत. पुढे वरच्या मजल्यावरची मुलं. सगळ्या दिवसात माझे म्हणून दोनच तास!

तिचे बाबा पलंगावर होते, भिंतीकडे तोंड करून. आठ महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडले. हाड केव्हाच जुळलंय. डॉक्टर म्हणतात चाला, पण यांनी असा धसका घेतलाय की पाय खाली टाकत नाहीत. सगळं पलंगावरच. मी विचारलं, "कसं काय, बरं आहे ना?" त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. पलंग आमच्या सामाईक भिंतीच्या एका टोकाला, मशीन दुसऱ्या टोकाला.

मुलीचा चेहरा ओढलेला दिसला. वाईट वाटलं. पण माझ्या पुस्तकाचं काय?

७ फेब्रुवारी

भिंतीला रजया टांगल्या, गादी उभी केली, उशा खुपसल्या. घुर्रर्र तशीच. वर गादीचा वास. सगळं काढून टाकलं.

हे म्हणतात, "अगं, तुझ्या आवाजाला माइक कशाला लागतो? खिडकी उघडून वाच, गावभरचे अंध ऐकतील." यांना विनोद सुचतोय.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस माझा!

सव्वानऊला, ती घरात आहे असं बघून, भिंतीपाशी ताठ उभी राहिले. घसा साफ केला. आणि अगदी स्थानकावरच्या आवाजात –

"कृपया लक्ष द्यावे. वाचन ठीक दहा वाजता सुरू होईल आणि बारा वाजता संपेल. आज कप्तानाची बायको एकटीच बंदरावर जाईल. कपडे धुणाऱ्यांनी आपापली यंत्रे दहाच्या आत थांबवावीत, ही नम्र विनंती. धन्यवाद."

ह्यांच्या हातातला चहा लेंग्यावर सांडला. "शेजारचे काय म्हणतील?" म्हटलं, काय म्हणायचं ते म्हणू देत.

साडेनऊला मशीन सुरू झालं. ठरलेलंच! मी माइक लावून, पान काढून बसले, तोंड कडू. दहाला दोन मिनिटं असताना – खट. बंद! शांतता अशी की पान उलटलेलं ऐकू आलं.

एका दमात तिसरं प्रकरण संपवलं. अडखळले नाही.

११ फेब्रुवारी

आजही! दहाला तीन मिनिटं, खट.

आमचे चिरंजीव फोनवर म्हणाले, हल्लीच्या मशीनना वेळ लावून ठेवता येते. म्हणजे बाईसाहेबांनी मुकाट्याने वेळ लावली. दारात येऊन 'बरं काकू' म्हणायला जड गेलं असेल. न का म्हणेना! गोड बोलून जे झालं नाही ते एका घोषणेने झालं. ह्यांना तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा ऐकवायला गेले तर वर्तमानपत्र घेऊन गच्चीत गेले.

१४ फेब्रुवारी

सहा प्रकरणं. सगळी स्वच्छ. खट म्हणजे खट!

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी भिंतीपलीकडे मेकॅनिक. "मशीनमध्ये काहीच बिघाड नाही हो बाई. मागच्या आठवड्यातही हेच सांगितलं तुम्हाला."

दोनदा बोलावला! आवाज आणखी कमी करून घेत असणार. आता इतकंही करायला नको होतं, पण माझ्या शब्दाला वजन आहे हे मान्य करावं लागेल.

२० फेब्रुवारी

काल दात दाखवायला गेले होते, त्यामुळे ना घोषणा, ना वाचन. हे सांगतात, मशीन अकरा वाजेपर्यंत घुरघुरत होतं.

बघा! मी नसले की शिस्त गेली.

रेकॉर्डिंगवाला मात्र खूश. म्हणाला, "मॅडम, असं स्वच्छ काम स्टुडिओतून येत नाही." पुढचं पुस्तकही माझ्याकडेच! फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत उभी राहिले. या वयात कोणी पुढचं काम देतं का? मला दिलं!

२४ फेब्रुवारी, सोमवार

 

संध्याकाळी जिन्यात नर्सबाई भेटली. दोन्ही हातांत पिशव्या. म्हटलं, आपणही मोठेपणा दाखवावा. "तुझे आभार मानायचे राहिलेत हं. रोज वेळेवर मशीन बंद करतेस."

ती बघतच राहिली. "मी? काकू, मी साडेनऊला मशीन लावते आणि निघते. हॉस्पिटलात असते मी दहाला."

"अगं, मग वेळ लावून जात असशील."

"आमचं मशीन जुनं आहे. त्यात तसलं काही नाही. हल्ली रोज मध्येच बंद पडतं. आया आली की चादरी साबणाच्या पाण्यातच भिजत पडलेल्या. दोनदा मेकॅनिक आणला. तो म्हणतो, कोणीतरी बटण बंद करतंय." थकून हसली. "घरात कोण आहे बटण बंद करायला? बाबा आणि–"

तिथेच थांबली.

घोषणा, दहाचा ठोका, खट. मी दाताकडे गेले त्या दिवशी अकरापर्यंत चाललेलं मशीन. सगळं एकदम डोक्यात आलं. भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस रोज माझंच वाचन ऐकत होता!

पिशव्या खाली ठेवून ती पायरीवर बसली. "बाबा उठत नाहीत हो, काकू. आठ महिने झाले. मी हात जोडले, रडले, ओरडलेसुद्धा. नाही उठत ते."

मी तिच्याशेजारी बसले. माझ्या घोषणेचा तिला धाक बसला, या तोऱ्यात मी चौदा दिवस हिंडत होते!

म्हटलं, "उद्या कामावर जाऊ नकोस. पण त्यांना सांगू नकोस. आमच्याकडे येऊन बस."

२५ फेब्रुवारी

सव्वानऊला घोषणा केली. शेवटचं प्रकरण.

नर्सबाई रोजच्यासारखी मशीन लावून, दार ओढून निघाली ती आमच्या घरात आली. चपला हातात. भिंतीला कान लावून बसली.

दहाला आठ मिनिटं असताना पलंग करकरला. मग बराच वेळ काही नाही. मग एक पाऊल. काहीतरी धरल्याचा आवाज. दुसरं पाऊल. ती ओठांनी मोजत होती, डोळे गच्च मिटून. अकरा पावलं.

खट.

मी तिच्याकडे बघत राहिले. पुस्तक मांडीवर तसंच. तिने माझा हात घट्ट धरला आणि अगदी हळू म्हणाली, "वाचा ना, काकू. ते उभे आहेत."