चांदीचे शुक्रवार

शुक्र. १ ऑगस्ट २००८
चांदी परत निसटली. समोरची कमल साखर मागायला आली, मी दार अर्धंच उघडलं, तर तिच्या पायांमधून बाहेर. पायरीवर गाठली. हाताला ओरखडे. कमल म्हणते, मांजरच ती, फिरून येईल. आमची आधीची मांजर काळी, तीसुद्धा फिरून यायची. गेल्या वर्षी तागे भरलेल्या टेम्पोखाली गेली. आणि काळीला हॉर्न ऐकू यायचा. हिला काहीच ऐकू येत नाही.
हे मी शोधलंय, कुणा डॉक्टरने नाही. ती झोपलेली असताना मागे पितळी परात पाडून बघितली. ह्यांच्या हातातला चहा सांडला. तिचा कानसुद्धा हलला नाही.

रवि. ३
ह्यांचं आणि माझं दारावरून. आमच्या गल्लीत सकाळी उघडलेलं दार रात्रीच लागतं. हे रिटायर झाल्यापासून उंबऱ्याशी खुर्ची टाकून पेपर वाचतात, येणाऱ्याजाणाऱ्याला कुठं चाललास विचारतात. "भर दिवसा दार लावून बसायला घरात कुनी गेलंय का?" म्हणाले.
मी म्हटलं, जाऊ नये म्हणूनच लावलंय.
आता बंद दाराकडे तोंड करून पेपर वाचतात. वाईट वाटतं. तरी उघडणार नाही.

मंगळ. ५
ह्यांनी उंबऱ्यावर उभी फळी ठोकली, लहान मुलांसाठी लावतात तशी. दार उघडं राहील, मांजर आत राहील. संध्याकाळी परीक्षा घेतली. चांदी बसल्या जागेवरून फळीवर, फळीवरून मागे वळून आमच्याकडे बघतेय! मी कशीबशी पकडली. हे म्हणाले, "उडी हाय बाकी." फळी त्यांची, पण कौतुक तिचं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शुक्र. ८
आज मोरीच्या खिडकीतून प्रयत्न. आठवडाभर कशी गुणी असते! शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्याला लागून असलेल्या भिंतीला पाठ लावून झोपते. ती तिथलीच, पलीकडच्या कारखान्यात लूमखाली जन्मलेली. तिथे लूम दुरुस्त करणारे नासीरभाई घेऊन आले होते. "भाभी, रख लो. मशीन में आ जाएगी किसी दिन." त्या खडखडाटात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, ही बहिरी आहे हे कुणाला कळणार.
मग आज काय बिनसलं तिचं?
एक गंमत. मोठ्या खलबत्त्यात सुकट कुटायला बसले तर आतल्या खोलीतून धावत आली. एरवी समोर जाऊन उभं राहिल्याशिवाय तिला मी आल्याचं कळत नाही. हे नाक मुरडून म्हणाले, श्रावण हाय. म्हटलं, श्रावण आपला. तिने कुठे धरलाय?

बुध. १३
सापडलं!
दुपारी लाईट गेले. कारखाना बंद पडला. चांदी गाढ झोपलेली, ताडकन उठली आणि थेट दाराशी. मी भिंतीला तळहात लावला, मग लादीला. एरवी मुंग्या आल्यासारखी लादी थरथरत असते, आम्हाला सवयीने कळत नाही. आज गप्प. लाईट आले, लूम सुरू झाले, ही परत भिंतीशी जाऊन आडवी.
म्हणून शुक्रवार! शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. ती थरथर म्हणजेच तिचं घर. ती थांबली की घर कुठे गेलं म्हणून शोधायला निघते बिचारी.
ह्यांना सांगितलं. पेपर खाली केला नाही. संध्याकाळी खिडकीतून नासीरभाईंना तेच सगळं समजावत होते, जणू ह्यांनीच शोधलं. बोलू दिलं. आपल्याला माहीत आहे ना कुणी शोधलं.

शनि. १६
जाळीचा दरवाजा बसला. स्प्रिंगवाला, आपोआप लागणारा. हे खूश, खुर्ची परत जागेवर. कमल मात्र जाळीबाहेरूनच बोलली, "आता आम्ही काय जाळीतून तोंड बघायचं तुमचं?" समजावलं. आली नाही आत.

बुध. २७
कमल अजून फिरकली नाही. मांजरीसाठी माणूस तोडलं, असं म्हणत असेल. मी काही तोडलेलं नाही. पण तिच्या दाराकडे बघणं होतंच.

मंगळ. २ सप्टें.
उद्या गणपती. पाच दिवस. देव घरात असताना दाराला जाळी नाही, कडी नाही, हे सासूबाईंपासून चालत आलेलं. हे मोडणार नाहीत, मीही नाही. जाळी काढून ठेवली. आणि मध्येच शुक्रवार येतोय.
ठरलं असं, शुक्रवारी दिवसभर हे उंबऱ्यावर. जागचं हलायचं नाही. सुकटीचा खलबत्ता घासूनपुसून माळ्यावर, विसर्जनापर्यंत त्याचं नाव काढायचं नाही.

शुक्र. ५
हात अजून दुखतोय, तरी लिहिते.
सकाळपासून हे उंबऱ्यावर, पाय आडवे टाकून. लोक पाय ओलांडून दर्शनाला येत होते. दुपारी कमल आली. ताटात मोदक, वर रुमाल. इतक्या दिवसांनी! हे आनंदाने उठून उभे राहिले, "ये, ये." तेवढंच पुरलं.
मग सगळी गल्ली "चांदी, चांदी". अरे, हाका कुणाला मारताय? हे चप्पल न घालता नाक्यापर्यंत जाऊन आले. एवढुसं तोंड झालेलं.
नासीरभाईंनी शोधली, ते दर्शनालाच येत होते. गल्लीच्या टोकाला उभ्या टेम्पोखाली, मागच्या चाकाला चिकटून. पुढे गेलं तर पळेल, आणि त्या बाजूला मोठा रस्ता. ट्रक एकामागे एक. डोळ्यासमोर काळी.
काय सुचलं कोण जाणे. घरात आले, माळ्यावरून खलबत्ता काढला. गणपतीसमोरून सुकटीचा खलबत्ता नेला, हो, नेला. नवीन साडीत गल्लीच्या काँक्रीटवर बसले आणि कुटायला लागले. रिकामा खल. ठण, ठण. लोकांना वाटलं हिचं डोकं फिरलं. मी सगळ्यांना म्हटलं, पाय हलवू नका. उभे राहिले सगळे, पुतळे जसे. कारखाना बंद म्हणून जमीन शांत. एरवी तिला काही कळलं नसतं.
आधी मिशा दिसल्या. मग सरळ चालत आली, घाई नाही, कुणाकडे बघणं नाही. खलात तोंड घालून राहिलेला वास चाटायला लागली. मी पदरात गुंडाळली.
कमल सगळं बघत होती. खलबत्त्याबद्दल चकार शब्द नाही. तिनेच तो धुऊन आणून दिला. नासीरभाईंचा रोजा, मोदक रुमालात बांधून घेतला. "शाम को खाऊँगा. भाभी, आपने तो कमाल कर दिया."
केलीच कमाल. देवापुढे नाक घासलं, माफी मागितली, पण अभिमानाने छाती फुगलेली होती ती तशीच. देवाला कळत असेल.

रवि. ७
विसर्जन झालं. घर रिकामं रिकामं. जाळी परत लावायला हे स्वतः उठले, मी सांगायच्या आधी. कमल जाळी ढकलून आत आली, तिनेच मागे वळून लागली का बघितलं.

शुक्र. १९
नासीरभाई सकाळी जाळीशी उभे. शेठ कारखाना बंद करतोय. दिवाळीआधी लूम भंगारात, जागेवर गोदाम. ह्यांनी विचारलं, मग तुमचं काय? ते म्हणाले, "मेरा छोड़ो, कहीं लग जाऊँगा. चांदी का क्या करोगे?"
म्हणजे आता रोज शुक्रवार.
हे दुसरा दरवाजा करू म्हणताहेत, आतून अजून एक. बसले आहेत माप घेत.
चांदी जाळीला नाक लावून बसली आहे. मी खलबत्ता घेतला, दारापासून लांब, आतल्या खोलीत बसले आणि एक ठोका दिला. तिने मान वळवून बघितलं. उठली नाही अजून. नाक परत जाळीकडे, एक कान माझ्याकडे.
मी दुसरा ठोका दिला.