काडीमोडाचा कागद

अंजूर, ४ एप्रिल

चि. मृणालीस आजीचे अ. उ. आ.

बाये, नाशकाच्या इस्पितळात शंभर गोळ्यांची नावं तोंडपाठ ठेवतेस, आणि म्हातारीला दोन ओळी खरडायचं तेवढं ध्यानात राहत न्हाय! फोनवर बरं बरं म्हणतेस अन् विसरतेस, म्हणून शेजारच्या पार्वतीला बसवून लिहून घेते.

मस्कतला नोकरी लागली, ऊर भरून आला. पण रोशनीला सोबत न्यायला तिच्या बापाची नोटरीपुढची संमती, नाहीतर कोर्टाचा ताबा-हुकूम पाहिजे, हे ऐकून डोकं फिरलं. चार वर्षांत ज्याने लेकीला एक बिस्किट दिलं न्हाय, त्याची परवानगी! पंचांसमोर काडीमोड झाला तेव्हा अख्खा गाव बसला होता. सांग त्या व्हिसावाल्यांना.

राहनाळला त्या बापाकडे, भूपेशकडे जाऊन आले. सही देतो म्हणतो, पण घर तूच आपखुशीने सोडलंस असं आधी लिहून दे म्हणे. खबरदार, एक अक्षर लिहिलंस तर!

तुझ्यावर जीव टाकणारी,
जानकी आजी

नाशिक, ९ एप्रिल

ती. आजीस मृणालीचा शि. सा. न.

गाव बसला होता, हे व्हिसाच्या खिडकीवर सांगून पाहिलं. तो माणूस म्हणाला, गावाचा कागद दाखवा. आजी, कागदच नाही. कोर्टाच्या लेखी मी अजून भूपेशची बायको आहे. आता खटला भरला तर वर्ष जाईल, आणि महिनाअखेर हजर झाले नाही तर नोकरी दुसरीला. रोशनीला मागे ठेवून मी जाणार नाही. म्हणून त्याला हवं ते लिहून देते. त्याने मला कसं घराबाहेर काढलं ते तुला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

तू रागावणारच. माया मात्र आटू देऊ नकोस.

तुझी मृणाली

अंजूर, १३ एप्रिल

चि. मृणालीस अ. उ. आ.

रागावलेच. पार्वतीला तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा एका ओळीवर तिला थांबवलं. तू अजून त्याची बायको, म्हणजे तोही अजून तुझाच नवरा की! आणि या नवऱ्याची सोमवारी वज्रेश्वरी गावच्या मुलीशी हळद!

रिक्षा केली, तडक राहनाळ. विचारलं, जावईबापू, पहिली बायको असताना दुसरी केली तर कोर्ट कुठे बसवतं, ते नव्या सोयऱ्यांना तुम्ही सांगता की मी सांगू? तिथे पंच महादू होता. म्हणाला, पंचांचा शब्द तो शब्द. म्हटलं, तुझ्या शब्दावर विमानात बसू देतात का रे? दुपारी भिवंडीला नोटरीपुढे भूपेशने सही केली, कसली अट न्हाय. हळद पुढे गेली. आता कोर्टाची घाई त्यालाच. तूही वकील गाठ, अन् मगच विमानात बस.

टपालावर माझा भरवसा न्हाय, म्हणून कागद अन् हे पत्र पार्वतीच्याच हाती धाडते.

त्याच्यावरचा राग उतरला. माझ्यावरचा उतरत न्हाय. कोर्टात जाऊ म्हणून तू रडत होतीस, तेव्हा पंच आहेत, अब्रू चव्हाट्यावर कशाला, असं मीच म्हटलं होतं. पार्वती हे लिहायला कचरत होती. तिला म्हटलं, लिही.

आजीची चूक पोटात घाल.

जानकी आजी

ता. क. मस्कतहून खजूर पाठव, मऊ बघून. बिया रोशनीच्या हातून काढून.