तुमच्या आवाजाची परवानगी

बाबा,

माझा प्रबंध मान्य झाला. बेटांवरचा रेडिओ, नवी यंत्रं आणि आपली माणसं, हाच तो विषय. तीस वर्षं तुम्ही आपल्या हाआपाईच्या बेटांना रेडिओवरून मृत्यूच्या बातम्या वाचून दाखवल्यात. त्या वाचनाच्या टेपा मी प्रबंधासाठी विद्यापीठात जमा केल्या. तुमचा आवाज वापरू देण्याच्या परवानगीच्या कागदावर तुम्हाला न विचारता मीच सही केली, हे मात्र कधी सांगितलं नाही.

विद्यापीठाकडून त्या टेपा घेऊन रेडिओवाल्यांनी यंत्राला तुमचा आवाज शिकवला आणि तुम्हाला घरी बसवलं. तुम्ही हसून म्हणालात, "बरं झालं, आता मासे धरायला वेळ मिळेल."

परवा सेमिसीकाका गेले. आई फोनवर म्हणाली, "यांच्याच आवाजात यांच्या भावाची बातमी आली गं. आणि आवाज जरासुद्धा कापला नाही. हे ओरडले, 'अरे, हा मी नाही!' तेव्हापासून तोंडातून शब्द नाही."

आवाज काढून टाका म्हणून मी विद्यापीठात रडले. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "लुपे, सही तुझीच आहे ना?"

शुक्रवारी पदवीदान आहे. आई म्हणते, तुम्ही याल, माझ्या शेजारी बसाल, पण बोलणार नाही.

हे पत्र मी टपालाच्या बोटीवर देणार नाही. दिलं तरी उत्तर येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तुमची,
लुपे